नारिंगी पिसारा

स्फटिकांना ढोल आवडत नाहीत, असं आमचे सर म्हणायचे. जुलै संपत आला की पुण्यात नदीकाठी पथकांचे सराव सुरू होतात. आमची प्रयोगशाळा नदीपासून फार लांब नव्हती. संध्याकाळी सातनंतर खिडकीची तावदानं बारीक थरथरायची आणि सर कोल्ड रूमच्या दारापाशी कपाळाला आठ्या घालून उभे राहायचे. आत ४ अंशांवर माझ्या प्लेटा ठेवलेल्या असायच्या. प्रत्येक प्लेटला २४ खळगे, प्रत्येक खळग्याच्या कडेला ग्रीस लावून त्यावर पालथी घातलेली काचेची चकती, आणि त्या चकतीला खालून लोंबणारा प्रथिनाचा एक थेंब. थेंबातलं पाणी हळूहळू उडून खालच्या क्षाराच्या द्रावणात जातं, थेंब घट्ट होत जातो, आणि नशिबात असेल तर प्रथिनाचे रेणू कवायतीला उभे राहिल्यासारखे ओळीत बसून स्फटिक धरतात. नशिबात नसेल तर गाळ बसतो.

माझ्या नशिबात चार वर्षं गाळ होता. २००४ ते २००८.

मी ज्याच्या मागे लागले होते ते जमिनीतल्या एका जिवाणूचं प्रथिन होतं, ३४० अमिनो आम्लांची साखळी. साखळीतल्या मण्यांचा क्रम आम्हाला माहीत होता. माहीत नव्हता तो आकार. प्रथिन काय काम करतं हे त्याच्या आकारावर ठरतं, आणि तो आकार बघायचा तर स्फटिक हवा, त्यावर क्ष-किरण सोडायला हवेत. स्फटिक नाही तर पुढचं काहीच नाही. प्रबंध नाही, पेपर नाही, पीएचडी नाही.

तिसऱ्या वर्षी एकदा स्फटिक दिसला होता. भर पावसाळ्यात, बाराव्या प्लेटच्या कुठल्याशा खळग्यात, सूक्ष्मदर्शकाखाली लखलखीत सहा बाजूंचा खडा. मी धावत जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून पेढे आणले. सगळ्यांनी खाल्ले. मग सर म्हणाले, आता सुई लावून बघ. प्रथिनाचा स्फटिक मऊ असतो, सुईने दाबला की भुसभुशीत होऊन विरतो. मी सुई टेकवली, आणि मला आजही ते ऐकू येतं, ‘कट्’ असा आवाज झाला. मीठ होतं. कुणीच काही बोललं नाही. एका सीनियरने तेवढ्यात पेढ्यांच्या खोक्यातला शेवटचा पेढा उचलला.

त्या काळात महाराष्ट्रात भारनियमन असायचं. एका मे महिन्यात जनरेटर वेळेवर सुरू झाला नाही, कोल्ड रूम रात्रभर तापली आणि माझं दोन महिन्यांचं शुद्ध केलेलं प्रथिन दह्यासारखं साकळलं. पुढच्या वर्षी मी राजीनामा दिला. आता सांगलीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, आणि ‘प्रथिनांची संरचना’ हा धडा आला की थोडी जास्तच शिकवते.

एवढं सगळं आधी सांगितलं, कारण पुढे ज्या कंपनीबद्दल लिहायचं आहे तिचं कौतुक आणि तिच्याबद्दलचा राग या दोन्हींचं मूळ त्या कोल्ड रूममध्ये आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या त्या कंपनीचं नाव डीपमाइंड. २०१० साली लंडनमध्ये डेमिस हसाबिस, शेन लेग आणि मुस्तफा सुलेमान या तिघांनी ती काढली आणि २०१४ च्या जानेवारीत गुगलने विकत घेतली. हसाबिस हा माणूस चौथ्या वर्षी बुद्धिबळ शिकला, तेराव्या वर्षी मास्टर झाला, सतराव्या वर्षी ‘थीम पार्क’ नावाच्या संगणकीय खेळाच्या निर्मितीत होता. मग केंब्रिज, मग स्वतःची खेळ बनवणारी कंपनी, ती बंद पडल्यावर मेंदूच्या स्मरणशक्तीवर पीएचडी. स्मृती गेलेल्या रुग्णांना नवीन प्रसंगाची कल्पनाही धड करता येत नाही, हे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं. म्हणजे मी मिठाच्या खड्यावर सुई टेकवत होते त्याच्या आसपासच. असल्या माणसांची चरित्रं वाचताना मला नेहमी वाटतं की यांच्या दिवसात तास जास्त असावेत.

सुरुवातीला त्यांनी यंत्राला अटारीचे जुने खेळ खेळायला लावले. नियम सांगायचे नाहीत. पडद्यावरचे ठिपके आणि गुणसंख्या, एवढंच द्यायचं. चेंडूने विटा फोडायच्या खेळात काही काळाने यंत्राने भिंतीच्या कडेने बोगदा पाडला आणि चेंडू भिंतीच्या मागे सोडून दिला. तिथे तो आपला आपणच विटा फोडत बसतो. आमच्या वर्गातली एक-दोन मुलंही अशीच आहेत. कमीत कमी कष्टात जास्तीत जास्त गुण कसे काढायचे हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

मग २०१६ चा मार्च. सोलमध्ये गो या सोंगट्यांच्या पटखेळात डीपमाइंडचं यंत्र अल्फागो विरुद्ध जगज्जेते ली सेडोल, पाच डाव. यंत्र ४-१ ने जिंकलं. दुसऱ्या डावातली ३७वी खेळी गाजली, कारण माणूस ती खेळण्याची शक्यता दहा हजारांत एक, असं यंत्राचं स्वतःचंच गणित होतं. समालोचकांना आधी ती चूकच वाटली. ती खेळी झाली तेव्हा ली सेडोल पटापासून उठून बाहेर गेले होते. परत येऊन ते पटाकडे बघत बसले ते बसलेच.

मला मात्र चौथा डाव जास्त आवडतो. त्यात ली सेडोलनी ७८वी सोंगटी अशा ठिकाणी ठेवली की यंत्र गडबडलं आणि तो डाव हरलं. गंमत पुढे आहे. यंत्राची चूक ७९व्या खेळीत झाली होती, पण आपण हरतो आहोत हे त्याला उमगलं सुमारे ८७व्या खेळीला. तोपर्यंत ते आपण जिंकतोच आहोत अशा थाटात खेळत राहिलं. हसाबिसनीच त्याच दिवशी हे जाहीर सांगितलं होतं. चुकणं सगळ्यांना जमतं. पण आपण चुकलोय हे कळायला आठ खेळ्या लागणं, ही मला त्या यंत्राबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटली. पेढे वाटून झाल्यावर सुई लावणाऱ्या बाईला ती वाटणारच.

आता प्रथिनांकडे येते.

साखळीतल्या मण्यांच्या क्रमातच आकाराची सगळी माहिती असते, हे दाखवल्याबद्दल क्रिश्चन अॅनफिन्सन यांना १९७२ चं नोबेल मिळालं. म्हणजे तत्त्वतः नुसता क्रम वाचून आकार सांगता यायला हवा. प्रत्यक्षात पन्नास वर्षं ते कुणाला जमलं नाही. साखळी किती प्रकारांनी मुडपता येईल याची मोजदाद करायला गेलं तर विश्वाचं वय पुरणार नाही, आणि पेशीत ती काही सेकंदांत, कधी त्याहून लवकर मुडपली जाते. या शोधात एक धागा आपल्या देशातलाही आहे. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये साखळीच्या सांध्यांचे कोणते कोन शक्य आणि कोणते अशक्य याचा नकाशा काढला. आजही कुणी प्रथिनाचा आकार मांडला, माणसाने किंवा यंत्राने, की तो त्या नकाशावर ठेवून तपासतात. बारावीच्या मुलांना मी हे दर वर्षी सांगते. परीक्षेत येत नाही, म्हणून ती वहीत लिहून घेत नाहीत.

हा प्रश्न सुटला त्याचं निम्मं श्रेय मी एका परीक्षेला देते. १९९४ पासून दर दोन वर्षांनी ‘कॅस्प’ नावाची स्पर्धा होते. ज्या प्रथिनांचे आकार प्रयोगशाळेत नुकतेच सापडलेत, पण अजून जाहीर झालेले नाहीत, त्यांचे क्रम स्पर्धकांना द्यायचे. त्यांनी आकार सांगायचे, आणि मग पाकीट फोडून ताडून बघायचं. पेपर फुटलाय अशी बोंब तिथे ऐकू येत नाही, एवढ्यावरूनच मला त्या लोकांबद्दल आदर आहे. २०१८ मध्ये डीपमाइंडचं अल्फाफोल्ड तिथे पहिलं आलं, पण ते नुसतं वर्गात पहिलं येण्यासारखं होतं. २०२० मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. तिच्या गुणांची मध्यिका शंभरपैकी ९२.४ होती, आणि नव्वदच्या वर म्हणजे प्रयोगशाळेतल्या मोजमापाच्या तोडीचं, असं तिथे धरतात.

ते हे करतं कसं? सगळी गणितं मला कळत नाहीत, पण एक युक्ती कळते आणि ती फार देखणी आहे. एकाच पोथीच्या वेगवेगळ्या गावी केलेल्या शेकडो नकला समोर मांडल्या, तर त्यात पाठभेद दिसतात. एका नकलेत इथला शब्द बदललाय, तर दहा ओळींखालचाही एक शब्द बदललाय. दुसऱ्या नकलेतही तसंच. मग संशोधक म्हणतो, हे दोन शब्द लांब असले तरी अर्थाने एकमेकांना बांधलेले आहेत. प्रथिनांचंही तसंच असतं. एकच प्रथिन माणसात, उंदरात, यीस्टमध्ये, जिवाणूत थोड्याफार फरकाने असतं. साखळीतला चाळिसावा मणी बदलला की दोनशे दहावाही बदलतो असं वारंवार दिसलं, तर मुडपलेल्या साखळीत ते दोघे शेजारी असणार. असे हजारो पाठभेद एकत्र वाचून यंत्र आकार रचतं.

पण रचायला आधी शिकावं लागतं, आणि शिकायला वह्या कुणाच्या वापरल्या? इथे माझा राग आहे, किंवा राग नव्हे, हिशोब आहे. १९७१ मध्ये सात प्रथिनांचे आकार घेऊन ‘प्रोटीन डेटा बँक’ सुरू झाली. तेव्हापासून जगभरातल्या संशोधकांनी काढलेले आकार तिथे जमा होतात आणि कुणालाही फुकट बघता येतात. अल्फाफोल्ड शिकलं ते अशा सुमारे १ लाख ७० हजार आकारांवर. मॅक्स पेरुट्झ यांना एकट्या हिमोग्लोबिनसाठी वीस-बावीस वर्षं लागली होती. पुढे तंत्र सुधारलं, वर्षांचे महिने झाले, पण एकेका आकारामागे कुणीतरी कोल्ड रूममध्ये स्वेटर घालून बसलेलंच होतं. त्यातल्या बहुतेकांची नावं कुणाला माहीत नाहीत. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल हसाबिस आणि अल्फाफोल्ड घडवणारे त्यांचे सहकारी जॉन जंपर यांना मिळालं, अर्धा वाटा नवी प्रथिनं रचणारे डेव्हिड बेकर यांना. ते योग्यच आहे. तरी ती बातमी वाचताना मला पहिल्यांदा आठवलं ते ग्रीसचं, नखात जाऊन बसलेलं, साबणाने न निघणारं.

कंपनीने एक चांगलं केलं. फुकट घेतलेलं पुष्कळसं फुकट परत दिलं. २२ जुलै २०२१ ला युरोपातल्या सार्वजनिक संशोधन संस्थेबरोबर त्यांनी साडेतीन लाखांवर आकार सगळ्यांसाठी खुले केले, त्यात माणसाची जवळजवळ सगळी प्रथिनं होती. तारीख माझ्या लक्षात आहे, कारण त्याच दिवसांत सांगलीत कृष्णेचं पाणी चढत होतं. वीज गेलेली, मोबाइलची बॅटरी वाचवायची, सगळे आयर्विन पुलापाशी किती फूट झालं एवढंच विचारत होते, आणि त्या अंधारात मी पंधरा टक्के बॅटरीवर प्रथिनांची बातमी वाचत बसले होते. बहिणीने फोन करून विचारलं, किती आलं? मी म्हटलं, साडेतीन लाख. तिला वाटलं मला धक्का बसलाय.

माझं प्रथिन त्यात नव्हतं. माणूस, उंदीर, माशी, ई. कोलाय अशी मानाची मंडळी आधी. वर्षभराने, जुलै २०२२ मध्ये, संख्या एकदम २० कोटींच्या वर गेली. विज्ञानाला ज्याचा क्रम ठाऊक आहे अशी जवळजवळ सगळीच प्रथिनं. तेव्हा मी शोधलं. स्टाफरूममध्ये, दोन तासांच्या मधल्या सुटीत, चहाचा कप हातात धरून. नाव टाकलं, आणि चार वर्षं जे मला दिसलं नाही ते मोबाइलच्या पडद्यावर बोटाने गरगर फिरायला लागलं.

रडू वगैरे आलं नाही. पहिला विचार आला तो हा की किती छोटं आहे हे.

मग रंग दिसले. अल्फाफोल्ड प्रत्येक मण्याला रंग देतं. गडद निळा म्हणजे इथे मला खात्री आहे. आकाशी म्हणजे बऱ्यापैकी. पिवळा म्हणजे जपून. नारिंगी म्हणजे यावर विसंबू नका. माझं प्रथिन बहुतेक निळं होतं, घट्ट मुठीसारखं. आणि त्या मुठीतून शेवटचे ६२ मणी नारिंगी फितीसारखे बाहेर, हवेत, कसेही लोंबत होते.

इतका लांब नारिंगी भाग असला की बहुधा यंत्राला आकार सापडला नाही एवढंच नसतं, त्या भागाला ठरलेला आकारच नसतो. पेशीत तो वळवळत असतो. आणि ज्या रेणूला अशी वळवळणारी शेपटी आहे तो दुसऱ्या रेणूशेजारी कवायतीला उभा राहतच नाही. ढोलांचा काही दोष नव्हता. हल्ली स्फटिक करू पाहणारे लोक आधी अल्फाफोल्डमध्ये बघतात, नारिंगी भाग कुठला ते ठरवतात, तेवढा जनुकातूनच छाटतात आणि उरलेल्याचा स्फटिक धरतात. माझ्यानंतर पंधरा वर्षांनी आलेल्या मुलीला हे पहिल्या आठवड्यात कळतं.

त्या दुपारपासून या कंपनीच्या प्रत्येक नव्या दाव्याकडे मी एकाच नजरेने बघते. यात नारिंगी कुठे आहे?

हवामानाचं घ्या. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचं ग्राफकास्ट आलं. १९७९ पासून २०१७ पर्यंतच्या जागतिक हवामानाच्या नोंदींवर ते शिकलंय, आणि दहा दिवसांचा अंदाज एका चिपवर मिनिटाच्या आत देतं. नेहमीच्या पद्धतीत हे काम महासंगणकांना तासन् तास लागतं. पुन्हा तेच: नोंदी दुसऱ्यांच्या, युरोपच्या हवामान केंद्राच्या, आणि त्यामागे रोज फुगे सोडणारी, तापमान लिहून ठेवणारी माणसं. पण निकाल खरा आहे. ली नावाचं चक्रीवादळ कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला धडकणार हे त्याने नऊ दिवस आधी सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी जेनकास्ट आलं. ते एकच अंदाज देत नाही, शक्यतांचा पसारा देतं. म्हणजे हवामानातही त्यांनी नारिंगी रंग आणला.

माझा भाऊ तासगावला द्राक्ष करतो. दोन एकर. त्याच्या मोबाइलवर हवामानाची चार ॲप आहेत आणि रोज सकाळी तो त्यांचं मतदान घेतो. तीन विरुद्ध एक पाऊस म्हणाले तर डावणी रोगावरची फवारणी. दोन-दोन झाले तर अंगणात जाऊन आकाशाकडे बघतो. ग्राफकास्ट पृथ्वीचे चौकोन पाडून अंदाज देतं आणि त्याचा एक चौकोन सुमारे २८ किलोमीटरचा आहे, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “अगं, आमच्या रानात पाऊस आणि बांधापलीकडे धुरळा, असं असतंय. अठ्ठावीस किलोमीटरचं काय घेऊन बसलीस?”

२०२५ मध्ये मॉन्सून २४ मे रोजीच केरळात आला, २६ तारखेला मुंबईत, आणि मग मध्येच थबकला. त्या वर्षी केंद्राच्या कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाइलवर मॉन्सूनचे अंदाज पाठवले. ते ज्या प्रारूपांवर बेतले होते त्यात गुगलच्याच दुसऱ्या संशोधन गटाचं न्यूरलजीसीएम आणि युरोपच्या केंद्राचं एआय प्रारूप होतं. पाऊस मध्ये थांबेल हे त्यांना आधी दिसलं होतं. पहिल्या पावसावर पेरून बसलेल्याला या एका वाक्याची किंमत विचारा. दादाला तसा मेसेज आला नव्हता, की आला आणि जाहिरात समजून त्याने पुसून टाकला, हे काही केल्या त्याला आठवेना. द्राक्षाला तर मे महिन्यातच दणका बसला होता. खरड छाटणीनंतरच्या पावसाने काडीत घडच नीट धरला नाही.

औषधाच्या बाजूला गेलं की गोष्ट गुंतागुंतीची होते. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयाबरोबर २०१८ मध्ये त्यांनी डोळ्याच्या पडद्याचे स्कॅन वाचणारं यंत्र दाखवलं. पन्नासहून अधिक विकारांत रुग्णाला किती तातडीने पुढे पाठवायचं याचा निर्णय ते ९४ टक्के वेळा तज्ज्ञांसारखाच देत होतं. त्याआधी मात्र लंडनच्याच रॉयल फ्री रुग्णालयाचं प्रकरण झालं होतं. मूत्रपिंडाला अचानक इजा झाली की डॉक्टरांना सावध करणाऱ्या ॲपसाठी रुग्णालयाने १६ लाख रुग्णांची माहिती डीपमाइंडला दिली. रुग्णांना पुरेसं सांगितलेलं नव्हतं. २०१७ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी रुग्णालयाने कायदा पाळला नाही असा निर्णय दिला. आणि ज्या ॲपसाठी हे सगळं झालं त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हतीच. रुग्णाची माहिती म्हणजे गोचा पट नाही आणि प्रोटीन डेटा बँकही नाही. त्या बँकेत जमा करणाऱ्याने स्वतःच्या हाताने जमा केलेलं असतं.

सिकलसेलचं उदाहरण मी वर्गात देते, कारण तो आपल्या गडचिरोली, नंदुरबार, मेळघाटातला आजार आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. एक मणी. बस्स. निरोगी आणि बदललेली अशा दोन्ही साखळ्या अल्फाफोल्डला दिल्या तर ते जवळजवळ सारखाच आकार दाखवेल, कारण बिघाड एका रेणूच्या आकारात नाही. रेणू एकमेकांना चिकटतात, त्यात आहे. मुलं यावर हिरमुसतात. मग मी त्यांना डीपमाइंडच्याच २०२३ च्या अल्फामिसेन्सबद्दल सांगते. माणसाच्या प्रथिनांत एक मणी बदलण्याच्या ७ कोटी १० लाख शक्यता त्याने तपासल्या. ५७ टक्के बहुधा निरुपद्रवी, ३२ टक्के बहुधा घातक. उरलेल्या ११ टक्क्यांबद्दल ते म्हणतं, सांगता येत नाही. ते ११ टक्के त्यांनी लपवले नाहीत, म्हणून मी उरलेल्या ८९ कडे जरा विश्वासाने बघते. अर्थात हा अंदाज आहे, निदान नव्हे. मेळघाटातल्या मुलाचं रक्त अजूनही तपासूनच घ्यावं लागतं.

बाकी खूप काही आहे. डेटा सेंटर थंड ठेवायच्या विजेत ४० टक्क्यांपर्यंत बचत केली. २२ लाख नवे स्फटिक सुचवल्याची घोषणा केली, ज्यावर रसायनशास्त्रज्ञांनी यात खरोखर नवं आणि उपयोगी किती असा सवाल केला. (स्फटिक सुचवणं सोपं असतं हो, धरून दाखवा.) २०२५ च्या गणित ऑलिंपियाडमध्ये ४२ पैकी ३५ गुण मिळवले, सुवर्णपदकाच्या पातळीचे. पटावर, कॅस्पमध्ये, वादळाच्या वाटेवर, ऑलिंपियाडमध्ये शेवटी कुणीतरी पाकीट फोडतं आणि बरोबर की चूक ते कळतं. ही कंपनी तिथे तळपते.

आणि २०२३ मध्ये ती गुगलच्या दुसऱ्या एआय गटाशी एकत्र झाली आणि बोलणाऱ्या यंत्रांच्या शर्यतीत उतरली. सगळेच उतरलेत. परवा मी अशाच एका चॅटबॉटला, कुठल्या कंपनीचा ते जाऊ द्या, माझ्या जुन्या प्रथिनाबद्दल विचारलं. त्याने मला छान मराठीत त्याची रचना सांगितली, वर एका शोधनिबंधाचं नाव आणि वर्ष दिलं. असा निबंध नाही. असता तर मला माहीत असतं, मीच तो लिहिणार होते. ती सगळी उत्तरं एकाच गडद निळ्या रंगात होती. खोटं वाक्य आणि खरं वाक्य दोन्ही सारख्याच ठाम आवाजात. ७९व्या खेळीनंतरच्या अल्फागोसारखं. ज्या लोकांनी मण्यामण्याला खात्रीचा रंग दिला, त्यांच्याच धंद्यात वाक्यावाक्याला रंग देणं अजून का जमत नाही, हा प्रश्न मला भाषेच्या बाईला पडावा तसा पडतो. बहुधा गप्पांना कॅस्प नसतं म्हणून.

ते चित्र मी सरांना पाठवलं होतं, २०२२ मध्येच. सर निवृत्त होऊन मुलाकडे राहतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. दोन दिवस काही उत्तर नाही. मग रविवारी फोन आला.

“काय गं, ते निळं-नारिंगी काय पाठवलंयस? नातू म्हणतो पतंग आहे.”

मी सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. कुठल्या क्रमांकापासून नारिंगी, किती मणी, निळ्या भागात पट्ट्या किती, वेटोळी किती, सगळं तोंडीच विचारलं. ते प्रथिन त्यांना माझ्याइतकंच पाठ होतं. मग मी इतकी वर्षं न काढलेला विषय काढला. तिसऱ्या वर्षी, मिठाच्या प्रकरणानंतर, मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन म्हटलं होतं की शेवटचा भाग मला लटपटीत वाटतो, तेवढा छाटून बघू का? सर तेव्हा म्हणाले होते, निसर्गाने दिलंय ते पूर्ण बघायचं, पिसारा छाटलेला मोर काय बघायचा?

“मी असं म्हटलं होतं?”

“हो सर.”

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. कुणीतरी तो बारीक केला.

“म्हणजे,” सर म्हणाले, “लांडोर चालली असती की गं.”